पाऊण बादली पाणी

अण्णा, मंगळवारी सकाळी सव्वासात वाजता तू गेलास. चामराजपेटेतल्या घराच्या मागच्या दारात, गिरणीकडे निघताना. डॉक्टर साडेसातला आले आणि हृदयविकाराचा झटका असं कारण लिहून देऊन गेले. गिरणीची किल्ली तुझ्या शर्टाच्या खिशात होती. ती वहिनींनी काढून घेतली.

तुझं वय, शिक्षण, मागे कोण कोण आहे, हे सगळं चार ओळींत बसवून मी आमच्या पेपरात दिलं. ते छापून आलं. त्यात चूक नव्हती. त्यात तूही नव्हतास. म्हणून आता हे, मराठीत, आपल्या घरच्या भाषेत लिहितो आहे.

लिहायला बसलो की पहिल्यांदा इंजिनच डोळ्यांपुढे येतं. गिरणी विजेच्या मोटरवर चालायची आणि वीज गेली की पट्टा इंजिनावर चढायचा. एका सिलिंडरचं, आठ हॉर्सपॉवरचं, दोन बाजूंना दोन जड चाकं असलेलं डिझेल इंजिन. या दहा वर्षांत बंगळूरची वीज जशी जात राहिली, तसं ते घरातल्या माणसासारखं झालं. रस्त्यावरच्या बायका त्याच्या आवाजावरून ठरवायच्या, आता डबा घेऊन जायचं की थोडं थांबायचं. नाचणी, तांदूळ, गहू एका बाजूला आणि मिरची दुसऱ्या बाजूला. सगळे तुला अण्णा म्हणायचे. मी म्हणायचो तो नात्याने, ते म्हणायचे ते गावाच्या रिवाजाने.

त्या इंजिनाला पाण्याचा पंप नव्हता. भिंतीलगत उंच ओट्यावर दोनशे लिटरचं पिंप होतं. त्याला आपण टाकी म्हणायचो. तिच्या तळातून एक नळ इंजिनाच्या खालच्या अंगाला यायचा आणि इंजिनाच्या डोक्यावरून दुसरा नळ टाकीत वर जायचा. इंजिन तापलं की आतलं पाणी गरम होऊन वर चढायचं, टाकीत शिरायचं, आणि त्याच्या जागी खालून गार पाणी यायचं. आपलं आपण फिरायचं. अट एकच होती. वरच्या नळाचं तोंड टाकीतल्या पाण्याखाली चार बोटं बुडालेलं पाहिजे. पाणी त्याच्या खाली उतरलं की फिरणं थांबतं. हे तू मला बोटं दाखवून सांगितलं होतंस. एकदाच.

पेठेतले बाकीचे गिरणीवाले इंजिन जितकं गार तितकं चांगलं, असं मानायचे. नळ पुरता उघडा ठेवायचे. तुझं उलट होतं. टाकीखालचा कॉक तू सुरुवातीला जवळजवळ बंद ठेवायचास, इंजिनाला रिकामं चालू द्यायचास आणि अंगात ऊब आल्याशिवाय पट्ट्यावर भार घालायचा नाहीस. ‘गार इंजिनात डिझेल पुरतं जळत नाही. अर्धं तेलात उतरतं, उरलेल्याची काजळी धरते. लवकर झिजतं,’ असं तू म्हणायचास. त्या दहा मिनिटांत बाहेर डब्यांची रांग लागायची. समोरच्या गल्लीतल्या पद्मक्का, शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, रांगेत पहिल्या असायच्या आणि वेळ काढायला तुला बोलायच्या.

“काय अण्णा, बाळंतीण आहे का तुमचं इंजिन? किती वेळ शेक देताय?”

“बाळंतीणच आहे, अक्का. घाई केली तर दूध आटेल.”

“आमचं पीठ तेवढं स्वल्प लवकर द्या. घरी नातू रडतोय, तो खरा.”

पाण्यावरून घरात वेगळीच कुरबुर असायची. नळाला कावेरीचं पाणी एक दिवसाआड यायचं आणि ते तू आधी टाकीत भरायचास. वहिनी म्हणायच्या, “इंजिनाला कावेरी आणि आम्हाला बोअर. पुढच्या जन्मी इंजिनच होईन म्हणते.” तू शांतपणे समजावून द्यायचास की बोअरच्या पाण्याचा क्षार पातेल्याला बसतो तसा इंजिनाच्या आत बसतो. मग आतलं लोखंड तापून लाल झालं तरी बाहेरच्या पाण्याला त्याचा पत्ता लागत नाही. “पातेलं तू घासतेस. इंजिनाच्या पोटात हात कोण घालणार?”

“नंजप्पा आहेत की,” वहिनी म्हणायच्या.

नंजप्पा होते. कलासिपाळ्यात त्यांचं लहानसं वर्कशॉप होतं, एक लेथ आणि दोन बाकं. इंजिन गिरणीत आलं त्या दिवसापासून त्याला दुसऱ्या कुणाचा पाना लागला नव्हता. दर रविवारी सकाळी ते यायचे, काम असो वा नसो. तुम्ही दोघं इंजिनाशेजारी पोत्यांवर बसून कन्नडमध्ये बोलायचात, बहुतेक इंजिनाबद्दलच. मला ते तम्मा म्हणायचे, धाकटा भाऊ. तुझा म्हणून त्यांचाही.

पाणी किती तापलंय हे तू हातानं बघायचास. वरच्या नळावर तळहात ठेवायचा आणि मोजायचं. ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु. चारला हात काढावासा वाटला तर बरोबर. दोनलाच काढावा लागला तर तापलंय, आठपर्यंत राहिला तर गार आहे, कॉक थोडा बंद करायला हवा. मला हे पटायचं नाही. मी ज्या धंद्यात आहे तिथं ‘बरंच’, ‘साधारण’, ‘हाताला जाणवेल इतकं’ असलं काही लिहिलं की वरचा माणूस लाल रेघ मारतो. मी प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानातून एक थर्मामीटर आणला. नंजप्पांनी वरच्या नळाच्या टाकीकडच्या टोकाला लहानशी खोबण करून तो बसवून दिला. बसवताना ते हसत होते.

“हाताला काय झालंय?” तू विचारलंस.

“हाताला आकडा सांगता येत नाही, अण्णा.”

“आकडा कुणाला सांगायचाय?”

“उद्या तू नसलास तर इंजिन चालवणाऱ्याला.”

“त्याला त्याचा हात असेल की.”

नंतर आपण दोन्ही जुळवून बघितलं. तू चार मोजलेस तेव्हा थर्मामीटर बासष्ट ते पासष्ट दाखवायचा. प्रत्येक वेळी. माझा हात दोनलाच निघायचा. तू थर्मामीटर काढून टाक म्हणाला नाहीस, पण त्याच्याकडे बघितलंही नाहीस. मी तिथं खिळ्याला एक वही टांगून ठेवली, वेळ आणि तापमान लिहायला. ती बरेच महिने कोरी राहिली.

पंचाण्णव साली गौरी-गणपतीच्या आधीच्या आठवड्यात तू आणि मुलं मावशीच्या वर्षश्राद्धाला तुमकूरला गेलात. वहिनी घरी होत्या. गिरणी बंद ठेवायची वेळ नव्हती, चकलीच्या पिठाचे दिवस होते. मला साप्ताहिक सुट्टी होती आणि मी इंदिरानगरहून येऊन एक दिवस बघेन म्हणालो. तू जाताना काय काय सांगितलंस ते मला असं आठवतं: दहा मिनिटं रिकामं चालव, भार एकदम घालू नको, बंद करण्याआधी पाच मिनिटं भार काढ. आणि टाकी बघत राहा. हे शेवटचं तू त्या दिवशी सांगितलंस की आधी कधी, याची मला खात्री नाही.

साडेसातला वीज गेली. मी आठला इंजिन सुरू केलं. पहिली दहा मिनिटं सांगितल्याप्रमाणे. दर अर्ध्या तासाला थर्मामीटर बघून मी वहीत लिहीत गेलो. बासष्ट. चौसष्ट. पासष्ट. पासष्ट. सगळं तुझ्या हाताच्या हिशोबात बसत होतं. बारा वाजता त्रेसष्ट. साडेबाराला एकोणसाठ. एक वाजता चोपन्न. आकडा उतरतोय हे बघून मला बरं वाटलं. अकराच्या सुमाराला मी कॉक जरा उघडला होता, त्याचाच हा परिणाम, असं मी धरून चाललो. वहीत तसं लिहिलंही.

खरं काय झालं होतं ते सांगतो. चार तासांच्या वाफेनं टाकीतलं पाणी चार बोटं खाली गेलं होतं. वरच्या नळाचं तोंड उघडं पडलं होतं. पाणी फिरायचं थांबलं होतं, त्यामुळे टाकीकडच्या टोकाला बसवलेल्या थर्मामीटरपर्यंत गरम पाणी येतच नव्हतं. आकडा उतरत होता आणि इंजिन उकळत होतं. तू असतास तर दर तासाला टाकीत डोकावून एक कळशी पाणी घातलं असतंस. ते कुठं लिहिलेलं नव्हतं, कारण ते काम आहे असं तुला कधी वाटलंच नाही.

एक वाजून दहा मिनिटांनी रंग जळल्याचा वास आला. आवाज बदलला, आतून कुणी हातोडीनं ठोकावं तसा. मी इंजिन बंद केलं. डोक्याजवळून वाफ येत होती. बाहेर डबे रांगेत ठेवलेले होते आणि बायका जेवायला घरी गेल्या होत्या. मी एकटा होतो. मागच्या हौदातून बादली भरली. धावताना थोडी सांडली, पाऊण राहिली. ती मी इंजिनाच्या डोक्यावर ओतली. एकच आवाज झाला, काच तडकावी तसा, पण जड. मग फटीतून टाकीतलं पाणी गळायला लागलं.

तू दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आलास. पिशवीही खाली न ठेवता इंजिनाजवळ गेलास. फट बघितलीस, टाकी बघितलीस. माझ्यावर ओरडला नाहीस. एवढंच विचारलंस, “रघू, गरम असताना वरून पाणी ओतलंस का?”

मी म्हणालो, “नाही.”

का म्हणालो याचं उत्तर मी तेव्हापासून शोधतो आहे. तू रागावला असतास असंही नाही. मला वाटतं, मी थर्मामीटर आणणारा होतो, वही टांगणारा होतो. टाकी बघायचं विसरलो हे कबूल करणं जमलं असतं, आणि तेवढं मी केलंही. घाबरून बादली ओतली हे मात्र सांगवेना. एक शब्द होता. पुढच्या रविवारी सांगून टाकू असं मी ठरवलं.

पण तू रविवारपर्यंत थांबला नाहीस. दोन महिन्यांपूर्वीच नंजप्पांनी इंजिनाचं डोकं, म्हणजे हेड, उतरवून, घासून, नवीन गॅस्केट घालून बसवलं होतं. नुसत्या तापण्यानं ते असं तडकणार नाही, बोल्ट जास्त आवळले गेले असणार, असा तुझा तर्क झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी तू मला स्कूटर काढायला सांगितलंस. मी तुला कलासिपाळ्याला घेऊन गेलो. मी दारात स्कूटरवर बसून राहिलो. तू आत गेलास. तुमचं बोलणं मला स्पष्ट ऐकू येत होतं.

नंजप्पा म्हणाले, “माझ्या हातचं हेड असं फुटत नाही. तापलेलं असताना कुणीतरी पाणी घातलंय.”

“नाही घातलं. मी विचारलं रघूला.”

“परत विचारा.”

“कशाला परत? तो खोटं बोलत नाही, नंजप्पा. पेपरात आहे तो. त्याचं कामच ते.”

थोडा वेळ लेथचा आवाज येत राहिला. मग नंजप्पा म्हणाले, “म्हणजे मी खोटा.”

तू हो म्हणाला नाहीस, नाहीही म्हणाला नाहीस.

“सरी,” नंजप्पा म्हणाले. ठीक आहे, एवढंच.

तू बाहेर आलास, मागे बसलास, मी स्कूटर चालू केली. तिथून चामराजपेटेपर्यंत दहा मिनिटांचं अंतर आहे. त्या दहा मिनिटांत मी बोलू शकलो असतो. परत वळता आलं असतं.

नवीन हेड दुसऱ्या मेकॅनिकनं बसवलं. अकरा दिवस इंजिन बंद होतं, सणाचं पीठ लोकांनी दुसरीकडून दळून नेलं. पद्मक्का तेवढ्या वीज येईपर्यंत डबा ठेवून गेल्या. रविवार सकाळ रिकामी झाली. तू पोत्यावर एकटा बसायचास आणि पेपर वाचायचास. नंजप्पांचं नाव तू वाईट म्हणून कधी घेतलं नाहीस. कुणी विचारलं तर म्हणायचास, “त्यांना हल्ली वेळ नसतो.”

आपला वाद मात्र संपला नाही. हात की आकडा. त्या वाईट दिवसानंतरही आपण तो वाद घालत राहिलो, आणि मला आता कळतं की तो घालत राहण्यात मला सोय होती. मी म्हणायचो, थर्मामीटर चुकीच्या जागी बसवला होता, इंजिनाच्या डोक्याजवळ असता तर खरं सांगितलं असतं. तू म्हणायचास, जागा बदल, पण डोळे काढून तिथं बसवू नको. मग मी थर्मामीटरची जागा बदलून घेतली. तू त्याच्या शेजारी हात ठेवून मोजत राहिलास. एकदा मी तुझ्या तळव्याकडे बघितलं. मधोमध कातडी जाड आणि गुळगुळीत झाली होती. दुसऱ्या कुणाचा हात तिथं चारपर्यंत राहिला नसता, तेव्हा हा हिशोब फक्त तुझा होता, हे मी तुला म्हणालो. तू हात उलटा करून बघितलास आणि म्हणालास, “मग तुझा दोनचा हिशोब तू ठेव. मी काय नको म्हणतो?” वादात मी जिंकलो की हरलो, हे त्या दिवशी ठरलं नाही.

हेड फुटल्यानंतर काही महिन्यांनी, आपण दोघंच असताना, तू मध्येच म्हणालास, “तापलेल्या इंजिनात काही करायचं नसतं. बंद करायचं आणि बसून राहायचं. अर्धा तास. तेवढंच अवघड असतं.” माझ्याकडे न बघता म्हणालास. मी ‘हं’ म्हणालो. तुला कळलं होतं का? कळलं असेल तर नंजप्पांकडे का गेला नाहीस? नसेल कळलं तर ते वाक्य कशासाठी होतं? मी या दोन्ही बाजू बऱ्याचदा मांडून बघितल्या आहेत. पुष्टी एकीचीही होत नाही.

आणि गेल्या वर्षीचा तो दिवस. तू नाचणीचं पीठ घेऊन बसनं इंदिरानगरला आला होतास. नेहमीसारखं, न सांगता, पाच किलो. “हे बाजारातलं नाही, खाऊन बघ,” असं म्हणत, जणू मी कधी बाजारातलं आणलं होतं. मी इतकी वर्षं वेगळा राहिलो आणि या शहरात मला पीठ विकत घ्यावं लागलं नाही, अण्णा. तेही मी तुला कधी बोलून दाखवलं नाही.

जेवण झाल्यावर तू म्हणालास, “नंजप्पाची मुलगी इंजिनियरिंगला लागली म्हणे. पद्मक्का सांगत होत्या.”

“छान झालं.”

“जाऊन यावं का? पेढे घेऊन?”

माझ्याकडे वाक्य तयार होतं. दोन वर्षं तयार होतं. ‘अण्णा, जा. चूक त्यांची नव्हती. पाणी मी ओतलं होतं.’ ते मी म्हटलं असतं तर तू त्याच पावली कलासिपाळ्याची बस पकडली असतीस.

मी म्हणालो, “बघ तुला काय वाटतं ते.”

तू रिकामी पिशवी घडी करत म्हणालास, “सरी, बघू.”

मंगळवारी दुपारी स्मशानात नंजप्पा आले होते. फाटकाशी उभे होते, आत आले नाहीत. अग्नी दिल्यावर मी वळून बघितलं तेव्हा ते नव्हते.

आठव्या दिवशी वहिनींनी मला बोलावून घेतलं. त्यांनी सगळा विचार केला होता. “भाऊजी, गिरणी मी चालवणार आहे. मोटर मला येते. गल्ला इतकी वर्षं मीच बघितलाय. इंजिन येत नाही. ते शिकवील असा माणूस एकच आहे.” मग म्हणाल्या, “तुम्ही नंजप्पांना घेऊन या.”

मी हो म्हणालो. नंतर बराच वेळ जिन्यात बसून होतो. नंजप्पांना गिरणीत यायला सांगायचं तर आधी दुसरं काही सांगावं लागणार होतं. ते न सांगता मी त्यांना बोलावलं असतं, तर कदाचित तुझ्यासाठी म्हणून ते आलेही असते. मग ती खोटी गोष्ट त्या गिरणीत कायमची राहिली असती, आणि वहिनी तिच्या शेजारी उभ्या राहून काम शिकल्या असत्या.

नवव्या दिवशी सकाळी दहाला मी वर्कशॉपमध्ये गेलो. ते एका पंपाचा दांडा घासत होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं. सुरुवातीला बादली, मग बाकीचं. त्यांनी कानस थांबवली नाही. सगळं ऐकून झाल्यावर ते प्रश्न विचारू लागले, कामाचे.

“पाणी कुठलं? टाकीतलं?”

“हौदातलं. बोअरचं.”

“किती?”

“पाऊण बादली.”

“इंजिन चालू होतं?”

“बंद केलं होतं. दोन मिनिटं झाली असतील.”

“दोन मिनिटं,” ते म्हणाले. कानस खाली ठेवली. “अण्णाला सांगितलं होतं?”

“नाही.”

“कधीच?”

“कधीच नाही.”

“मी त्या दिवशी तेच म्हणालो होतो. तुम्ही दारात होता. स्कूटरवर.”

“हो. ऐकलं होतं.”

ते मला तुम्ही म्हणत होते. तम्मा म्हणाले नाहीत, आणि म्हणावं अशी माझी अपेक्षाही नव्हती. त्यांनी हात पुसले. रस्त्याच्या पलीकडे बोट दाखवलं, तिथं बसथांबा आहे. “युगादीच्या आधी एकदा अण्णा तिथं उभा होता. हातात पुडा होता, मिठाईचा असावा. मी बघितलं, त्यानंही बघितलं. मला वाटलं, येईल. मग बस आली.” मग म्हणाले, “मी हाक मारायला पाहिजे होती. मारली नाही.”

तुला माहीत होतं का, हे मी त्यांनाही विचारलं. ते म्हणाले, “मला कसं ठाऊक असणार? बोलणं कुठं होतं?”

वहिनींचा निरोप मी सांगितला. ते हो म्हणाले नाहीत. “बघतो” म्हणाले. तेराव्याचं आमंत्रण दिलं. त्यालाही “बघतो.”

संध्याकाळी मी वहिनींना सांगितलं. त्या स्वयंपाकघरात शेंगा सोलत होत्या. मला वाटलं होतं, त्या उठून जातील. त्यांनी सोललेल्या शेंगांचं ताट बाजूला सरकवलं.

“बादली मला सापडली होती,” त्या म्हणाल्या.

मला कळेना.

“त्या दिवशी दुपारी मी जेवायला बोलवायला आले, तेव्हा तुम्ही बाहेर उभे होता. आत इंजिनाजवळ हौदावरची बादली पडलेली होती. गिरणीत बादलीचं काय काम? मी उचलून परत ठेवून दिली. हे यायच्या आधी.”

“तुम्ही अण्णाला बोलला नाहीत?”

“तुम्ही सांगाल असं वाटलं. आज सांगतील, उद्या सांगतील. ती तुमची गोष्ट होती, भाऊजी. मी कशी सांगणार?” मग ताट परत ओढून घेतलं. “नंजप्पांचं एवढं होईल असं नव्हतं वाटलं. झालं तेव्हा उशीर झाला होता. मलाही.”

शेंगा संपेपर्यंत आम्ही दोघं तिथंच बसलो. त्यांनी मला दोष दिला नाही. मीही त्यांना काही म्हणालो नाही. त्या घरात तुला सगळ्यांत जवळची असलेली दोन माणसं आणि दोघांकडेही तीच एक गोष्ट होती. तुझ्यापर्यंत ती गेली की नाही, एवढंच दोघांनाही माहीत नाही.

तुला जे सांगायचं होतं ते आता इथं लिहून झालं आहे, अण्णा. चूक नंजप्पांची नव्हती. पाणी मी ओतलं होतं. तू माझ्यावर ठेवलेला विश्वास त्यांच्यासमोर बोलून दाखवलास, आणि मी दहा पावलांवर बसून तो ऐकला. तू माझ्यावर विश्वास ठेवलास याचा मला अजूनही आनंद होतो. त्या आनंदाचं काय करायचं, ते मला कळत नाही.

काल तेरावा झाला. घर भरलेलं होतं. पद्मक्का आल्या होत्या, रांगेत डबे ठेवणाऱ्या बहुतेक जणी आल्या होत्या. पंगती दोन वाजेपर्यंत चालल्या. नंजप्पा अडीचला आले. पांढरा शर्ट, पायात चप्पल नव्हती, ती त्यांनी बाहेर काढली होती. तुझ्या फोटोसमोर उभे राहिले. जेवा म्हटल्यावर नको म्हणाले. वहिनींकडे गेले आणि कन्नडमध्ये गिरणीची किल्ली मागितली.

वहिनी त्यांच्याबरोबर गेल्या. मी दारापर्यंत गेलो. नंजप्पांनी टाकीत डोकावून बघितलं, एक कळशी पाणी मागून घेतलं आणि घातलं. कॉक फिरवला. हँडल लावलं. तिसऱ्या फेऱ्याला इंजिन सुरू झालं. पट्टा चढवलेला नव्हता, दळायचं काही नव्हतं.

ते सतरा मिनिटं चाललं. त्या वेळी वीज होती.